लोह्याला गेलेले आभाळ

नांदेड,
माघ शुद्ध नवमी, शके १८६६

चि. कुसुम हिस आशीर्वाद.

आज सकाळी नदीवर स्नान केले. परत येऊन संध्या केली. जेवणाआधी टपाल आले, त्यात तुझे पत्र होते. दुपारी पडलो पण झोप आली नाही. कचेरीतल्या जुन्या मंडळींत रोज बसायला जातो, तिकडे आज गेलो नाही. दिवेलागणीनंतर हे लिहायला घेतले आहे.

मायन्यात तुझ्या नावाआधी काय लिहावे हे ठरेना. चि. सौ. लिहिण्याची हाताला सवय आहे. आता तुझ्यासारखीच्या नावाआधी जी अक्षरे लिहितात ती माझ्या हातून निघाली नाहीत. म्हणून नुसते नाव लिहिले. राग मानू नये.

माधवला जाऊन चौथा महिना चालू आहे. तेरावे झाल्यावर दुसऱ्या दिवशी तू बापूसाहेबांबरोबर माहेरी लातूरला गेलीस. निघताना माझ्या पाया पडलीस, पण बोलली नाहीस. दुःखात माणूस बोलत नाही, असे मी धरून चाललो. त्यानंतरचे हे तुझे पहिलेच पत्र.

मुलींच्या शाळेतल्या जागेबद्दल लिहिलेस ते वाचून बरे वाटले. कमिटीची मंडळी 'ही बाई मुलींना काय शिकवणार ते आधी दाखवा' म्हणाली आणि तू 'भर दुपारी तारे दाखवते' म्हणालीस, हे गोदाक्काला वाचून दाखवले. ती म्हणाली, "हाव, तिला जमतंय. माधव भाचा माझा, पर सांगत बसायचा तिलाच." बापूसाहेबांच्या दोन खोल्यांत किती माणसे आहेत ते मला माहीत आहे. जागा मिळाली तर शाळेच्या आवारातली खोलीही मिळेल, म्हणजे तुला कुणाच्या दारी राहावे लागणार नाही. जागा मिळालीच पाहिजे.

कमिटीला आगाऊ कळवण्यासाठी माधवच्या तंबूचे वर्णन कसे लिहावे, असे तू विचारले आहेस. मी आत कधी बसलो नाही हे तुला ठाऊक आहे. बाहेरून पाहिले तेवढे सांगतो. काळे दुपदरी कापड, त्याच्या पाकळ्या जोडून केलेला घुमट, मधे बांबू, कडेने जमिनीपर्यंत घोंगड्या. कापडाला सुईने व दाभणाने नकाशाप्रमाणे भोके पाडलेली. बाहेर कडक ऊन असले की आतल्या अंधारात ती भोके ताऱ्यांसारखी दिसतात. म्हणून माधव हा कार्यक्रम दुपारीच लावत असे. एवढे लिहिलेस तरी पुरे.

होळीच्या आधी तंबू लातूरला पोचला पाहिजे, हे ध्यानात आहे. तो माळ्यावर आहे. काढून, ऊन दाखवून मोटारीने पाठवतो. नकाशाचे कागद व दोऱ्या माधवच्या पेटीत आहेत, तेही पाठवतो.

बापूसाहेबांना नमस्कार सांगावा.

हणमंतराव

*

नांदेड,
माघ वद्य पंचमी

(हे पत्र टाकलेले नाही.)

चि. कुसुम हिस आशीर्वाद.

काल लोह्याला जाऊन आलो. मोटार कोळशाच्या गॅसवरची होती. चढावर बंद पडली तेव्हा उतारूंनी ढकलली, मीही ढकलली. मोटारवाला म्हणाला, पेशकारसाब, तुम्ही बसा. पेन्शन घेऊन सहा वर्षे झाली, अजून लोक पेशकारसाब म्हणतात.

तंबू माळ्यावर नाही. माळ्यावर तो कधीच नव्हता. माधवच्या आजारात तो घडी घालून त्याच्या खाटेखाली ठेवलेला होता. अकराव्या दिवशी शय्यादान केले. गादी, उशी, पांघरूण, छत्री, जोडा असे सगळे दिले. त्या गाठोड्यात तोही गेला. दान घेणारे नृसिंहभट लोह्याचे आहेत.

त्यांचे घर गल्लीच्या टोकाला आहे. ते ओसरीवर पंचांग घेऊन बसले होते. मला पाहून उठले आणि म्हणाले, "आमच्या दारी कुणी गेल्याशिवाय कोणी येत नाही, पेशकारसाहेब. घरचं कोण गेलं?"

कोणी गेले नाही, असे मी सांगितले. वर्षश्राद्धाची तिथी विचारायला आलो म्हणालो. तिथी कोणत्याही पंचांगात मिळते हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. त्यांनी तरी पंचांग उघडून पाहिले व सांगितली. त्यांच्या कुटुंबाने, विठाबाईंनी, पाणी आणले. आपल्यातली माणसे त्या घरचे पाणी घेत नाहीत. मी घेतले.

आत लहान मूल रडत होते. विठाबाई म्हणाल्या, लेक बाळंत झाली आहे, मुलगा झाला. मग मी विचारले नसताना त्यांनी आपण होऊन सांगितले. "तुमच्याकडचं ते काळं कापड लई कामाला आलं बगा. बाळंतिणीच्या खोलीला उजेड नको, वारा नको. पर त्याला कसर लागल्यावानी भोकंच भोकं. मी बसून बसून बुजवली. बारीक दोरा घेऊन एकेक. आता एक बी ठेवलं न्हाई."

त्यांनी मला दारापर्यंत नेऊन दाखवले. खोलीच्या दाराला तो पडद्यासारखा लावला होता. मागे खिडकी असावी, पण कापडातून उजेडाचा एक ठिपका येत नव्हता. "हात लावून बगा की," त्या म्हणाल्या. मी हात लावला. रफूच्या गाठी बोटांना मोहरीसारख्या लागल्या. सगळीकडे होत्या. कुठे दाट, कुठे विरळ. इतक्या असतील असे मला वाटले नव्हते.

दुसऱ्याचे कापड इतक्या निगुतीने कोणी सांभाळत नाही, असे काहीतरी मी बोललो. त्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या घरात सगळं गेलेल्यांचंच हाय. पाळण्यातली दुपटी बी. आमाला त्याचं काय वाटत न्हाई."

मी निघालो तेव्हा नृसिंहभट गल्लीच्या तोंडापर्यंत आले. तिथे उभे राहून म्हणाले, "काही परत न्यायला आला असाल तर बोला, लाजू नका. येतात माणसं. कुणी अंगठी मागतं, कुणी घड्याळ. मी देतो. फक्त मग ते दान राहत नाही एवढं सांगून देतो. तुमच्या मुलाच्या अंगाखालचं तेवढं काढून नेलं, असं होतं."

मी म्हणालो, काही न्यायचे नाही.

परत येताना मोटार बंद पडली नाही.

हणमंतराव

*

नांदेड,
माघ वद्य पंचमी

चि. कुसुम हिस आशीर्वाद.

तंबू माळ्यावरून काढला. कापड बरे आहे पण रंग विटला आहे. तसा पाठवला तर आत उजेड येईल. म्हणून रंगाऱ्याकडे दिला आहे. थोडा उशीर लागेल, पण होळीच्या आधी पोचेल. काळजी करू नये.

येथे सर्व ठीक आहे.

हणमंतराव

*

नांदेड,
फाल्गुन शुद्ध सप्तमी

(हेही टाकलेले नाही.)

चि. कुसुम हिस आशीर्वाद.

आज तंबू तयार झाला. जो रंगाऱ्याकडे दिला असे तुला लिहिले तो नव्हे. दुसरा.

लढाईमुळे कापड कंट्रोलात आहे. एका घराला मिळते तेवढ्यात एक पाकळीही होणार नाही. परवान्यासाठी कचेरीत गेलो. तिथे आता वीरभद्र बसतो. तो माझ्या हाताखाली उमेदवार होता, त्याचे मोडी अक्षर मी सुधारले. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, जादा कापडाला दोनच कारणे चालतात, लग्न किंवा मयत. "तुमच्याकडे आता लग्न कुठलं, पेशकारसाब," असे बोलून गेला आणि खाली पाहू लागला. मी सांगितले, मयत लिहा. माधवचे काही विधी राहिले आहेत म्हणून सांगितले. त्याने कोणते ते विचारले नाही. एका मयताला एकदाच कापड मिळते, पण त्याने ते पाहिले नाही, किंवा पाहून पुढे गेला. बाहेर पडताना त्याने माझी छत्री उचलून हातात दिली.

अशा रीतीने माधवच्या नावावर दुसऱ्यांदा कापड घेतले.

मांजरपाट रंगाऱ्याकडून काळा करून घेतला. मग माधवच्या पेटीतले नकाशाचे कागद एकेका पाकळीवर टाचून सुईने टोचत बसलो. लहान तारा सुईने, मोठा दाभणाने, असे कागदावर त्याने खुणा करून ठेवले आहे. त्याचे अक्षर कागदभर आहे. काही ठिकाणी तुझेही आहे, ते मी ओळखले.

गोदाक्काला काय सांगावे हे ठरवले नव्हते. ती दोन दिवस नुसती पाहत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काय करून राहिलास हणमंता? बायामाणसावानी सुई धरून बसलास. लेक व्हता तवा त्याच्या कागदाकडं ढुंकून पाह्यलं न्हाईस. आता तेच कागद टोचून राहिलास." मी पुढची पाकळी घेतली. तिने दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी सुईत दोरा ओवून ठेवला. मला दोरा लागत नाही, नुसती सुई लागते, हे तिला कळले नव्हते. मी तो काढून ठेवला.

पाकळ्या शिवायला माणिकप्पा शिंप्याकडे नेल्या. पहिला तंबू त्यानेच शिवला होता. त्याने विचारले, शिवण आत घेऊ की बाहेर? मी म्हणालो, कपड्याला घेतात तशी, आत. तो मशीन थांबवून म्हणाला, "मास्तरांनी बाहेर घ्यायला लावली व्हती. मी म्हनलं, मास्तर, उलटा सदरा घातल्यावानी दिसल. लोक हसतील. तर मला म्हणतात, माणिकप्पा, आत बसणाऱ्यासाठी शिवायचंय, बाहेरच्यासाठी न्हाई." मला वाटले, माधवला कामाच्या नीटनेटकेपणाची कधी फिकीर नव्हती, त्यातलेच हे. कमिटीची मंडळी बाहेरून पाहणार. मी सांगितले, आतच घ्या.

आज दुपारी अंगणात बांबू रोवून तो उभा केला. कडेने घोंगड्या सोडल्या. गोदाक्का शेजारी गेली होती. मी आत जाऊन बसलो.

आधी काही दिसले नाही. नुसता रंगाचा वास येत होता. मग डोक्यावर एक दिसला, मग त्याच्या शेजारी आणखी, मग मोजता येणार नाहीत इतके. बाहेर वारा आला की सगळे एकदम थोडे हलत आणि पुन्हा आपल्या जागी येत. सप्तर्षी मला सापडले. सातही सापडले. मी टोचलेली भोके आहेत हे मला माहीत होते, तरी मी मान वर करून बराच वेळ बसलो. मानेला रग लागली तेव्हा आडवा झालो. मुले आडवी होत असत का? तू सांगितले असतेस.

माधवने मला दोनदा आत बोलावले होते. एकदा याच अंगणात. मी कचेरीचे काम आहे म्हणालो. तेव्हा पेन्शन झालेली होती.

बाहेर आल्यावर गोदाक्काने विचारले, डोळे का लाल झाले? उन्हाने झाले, असे सांगितले.

हणमंतराव

*

नांदेड,
फाल्गुन शुद्ध अष्टमी

चि. कुसुम हिस आशीर्वाद.

आजच्या मोटारीने तंबू, बांबू, दोऱ्या व नकाशाचे कागद पाठवले आहेत. मोटारवाल्याच्या ओळखीने पाठवले, म्हणजे मधे कुठे उतरून राहणार नाहीत. बापूसाहेबांनी अड्ड्यावर माणूस पाठवावा.

रंग नवा दिल्यामुळे कापड नवे वाटेल. माणिकप्पाने शिवणीही पक्क्या केल्या आहेत. बाकी तंबू माधवचा होता तसाच आहे.

तुझ्या कार्यक्रमास यश येवो.

हणमंतराव

*

नांदेड,
फाल्गुन वद्य तृतीया

चि. कुसुम हिस आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. काल लिहिणे झाले नाही. आज सकाळपासून दोन कागद फाडले.

जागा मिळाली हे वाचून गोदाक्काने देवापुढे साखर ठेवली. मुली आत बसल्यावर कोणी बोलेनाशी झाली, मग एक छोटी म्हणाली 'बाई, आता घरी जायला उशीर झाला, रात्र झाली', हे वाचून ती पुष्कळ हसली. कमिटीचे वकीलसाहेब जोडे काढून आत आले आणि बाकीचे लोक बाहेर उन्हात ताटकळले तरी आतून उठेनात, हेही तिला दोनदा वाचून दाखवले. शाळेच्या आवारातली खोली चैत्रापासून मिळणार, फार चांगले झाले.

त्यापुढचे मी तिला वाचून दाखवले नाही.

आदल्या दिवशी तू एकटीने तंबू लावून पाहिलास. आत बसलीस तो सप्तर्षींची दांडी भलतीकडे वळलेली. मृगाचा बाण उलट्या बाजूला. सगळे आभाळ आरशात पाहिल्यासारखे. आपले डोके फिरले की काय असे तुला वाटले, हे वाक्य मी अनेक वेळा वाचले. आधीच चार महिन्यांत तुझ्यावर काय काय गेले, आणि त्या अंधारात एकटी बसून तुला असे वाटावे, हे माझ्यामुळे झाले. मग तू बाहेर येऊन शिवण आत आहे हे पाहिलेस, आणि सगळा तंबू उलटा केलास. शिवणी बाहेर आल्या, आभाळ सरळ झाले. नकाशा खालून वर पाहणाऱ्यासाठी असतो, म्हणून तो ज्या अंगाने टोचला ते अंग आत यावे लागते, असे तू समजावून लिहिले आहेस. आता समजले. माणिकप्पाने मला विचारले होते आणि माधवचे शब्दही सांगितले होते. मी ऐकले नाही.

शेवटी तू लिहितेस: 'हा तंबू त्यांचा नाही. त्यांच्या तंबूत ध्रुवाजवळची पाकळी माझ्या काळ्या चंद्रकळेची होती. कापड कमी पडले तेव्हा मीच दिली होती. त्यांचा तंबू कुठे आहे?'

चंद्रकळेचे मला ठाऊक नव्हते. ती संक्रांतीला आम्हीच तुला घेतली होती.

या पत्राबरोबर दोन पत्रे ठेवली आहेत. ती आधी लिहिलेली आहेत, टाकली नव्हती. त्यांत तंबू कुठे आहे ते सापडेल. ती आधी वाच. मी हे पुन्हा लिहू शकलो असतो, पण आता लिहिताना मी ते माझ्या सोयीने लिहीन अशी भीती वाटते. आणि त्यांतही एक गोष्ट मी सोयीनेच लिहिली आहे. तंबू गाठोड्यात गेला, असे लिहिले आहे. तो आपोआप गेला नाही.

अकराव्या दिवशी सामान ओसरीवर मांडले होते. नृसिंहभटांनी एकेक वस्तू उचलून विचारली. गादी? हो. पांघरूण? हो. मग त्यांनी घडी उचलून विचारले, "हे काळं कापड पण?" ते काय आहे हे मला माहीत होते. मी हो म्हणालो.

का म्हणालो ते सांगतो. माधवचा ताप चाकूरहून आला. तिथे तीन दिवस शाळेच्या पोरांना तारे दाखवत राहिला, तिथले पाणी प्यायला आणि आजारी होऊन आला. तंबू नसता तर तो चाकूरला गेला नसता, असे मी त्या अकरा दिवसांत सारखे मनात म्हणत होतो. हे एक. दुसरे याच्याही आधीचे आहे. कचेरीत लोक मला विचारत, चिरंजीव आता कुठल्या बाजाराला तंबू लावून आहेत? एक जण म्हणे, पेशकारसाहेबांनी रयतेला दिवसा तारे दाखवले, मुलगा फुकट दाखवतो. सगळे हसत. मीही हसत असे. घरी येऊन माधवशी चार-चार दिवस बोलत नसे. शाळामास्तराने शाळेत शिकवावे, डोंबाऱ्यासारखे बांबू घेऊन फिरू नये, असे मी त्याला तुझ्यादेखत बोललो आहे. तेव्हा तू ताटे उचलत होतीस.

तो गेल्यावर ते कापड घरात नको होते. ते तुझे आहे का, हे विचारावे असे सुचलेही नाही. एवढेच आहे.

तू मागितलेस तेव्हा पहिल्याच पत्रात हे लिहायला हवे होते. त्याऐवजी माळा लिहिला, मग रंगारी लिहिला, मग 'होता तसाच' असे लिहिले. त्या तंबूवर तुझे पोट आहे हे माहीत असून लिहिले. तू उलटा केला नसतास तर वकीलसाहेबांना चुकीचे आभाळ दिसले असते, आणि लोकांनी ते माधवचे म्हणून लक्षात ठेवले असते.

तू सांगशील तर लोह्याला जाऊन कापड मागतो. नृसिंहभट देतील. विठाबाईंनी भोके बुजवली आहेत, पण नकाशे तुझ्याकडे आहेत, ती पुन्हा पाडता येतील. त्यांना बाळंतिणीच्या खोलीसाठी मी घरातली सतरंजी देईन. तू लिहिशील तसे करीन.

हणमंतराव

*

नांदेड,
फाल्गुन वद्य द्वादशी

चि. कुसुम हिस आशीर्वाद.

सकाळी तुझे पत्र आले. लहान आहे, म्हणून लगेच वाचून झाले. गोदाक्का घरी नाही, ती पाडव्यासाठी तिच्या नणंदेकडे उदगीरला गेली आहे. घरात मी एकटाच आहे.

तू लिहितेस की अकराव्या दिवशी तू माजघराच्या दाराआड उभी होतीस. भटजींचे विचारणे आणि माझे हो म्हणणे, दोन्ही तू ऐकलेस. म्हणजे तू निघताना बोलली नाहीस ते दुःखाने नव्हे. आणि तंबू मागितलास तेव्हा तो कुठे आहे हे तुला ठाऊक होते. माझे माळ्याचे पत्र तू ते ठाऊक असून वाचलेस. रंगाऱ्याचेही.

'मामंजी, मी मागितला तेव्हा वाटले होते की तुम्ही खरे सांगाल. खरे नाही सांगितले तरी लोह्याहून आणाल. दोन्ही झाले नाही, आणि तिसरेच काहीतरी मोटारीने आले. त्याला काय म्हणावे हे मला अजून ठरवता आलेले नाही.' हे तुझे शब्द. यावर मी काही लिहू नये हे बरे. मलाही ठरवता आलेले नाही.

लोह्याला जाऊ नका असे लिहिले आहेस, तर जाणार नाही. 'दिलेले आहे, ते आता त्या बाळाचे आहे, माझ्या चंद्रकळेसकट' असे लिहिलेस. मी सतरंजीचे लिहायला नको होते.

पाडव्याला येणार नाहीस, पुढेही कधी ते सांगता येत नाही, हे समजले. मी बोलावतही नाही. बोलावण्याचा अधिकार अकराव्या दिवशीच गेला. पत्रे शाळेच्या पत्त्यावर पाठवावी असे तू लिहिले आहेस. त्याचा अर्थ पत्रे पाठवावी असा मी धरला आहे. चुकत असेन तर कळव.

माधवची पेटी मी पूर्ण रिकामी करून पाहिली. त्यात आता दोन पुस्तके, एक होकायंत्र व त्याचा चष्मा एवढेच राहिले आहे. पुस्तके व होकायंत्र तुला लागेल म्हणून उद्याच्या मोटारीने पाठवतो. चष्मा पाठवू की ठेवू, हे तू लिही. यात मी आपल्या मनाने काही करणार नाही.

वीरभद्राकडे जाऊन आलो. परवान्याचे कारण खोटे होते असे त्याला सांगितले. तो म्हणाला, मालूम था, पेशकारसाब. मग म्हणाला, आता ते कुणाला सांगू नका, माझी नोकरी जाईल. म्हणजे हे सांगूनही मी त्याला अडचणीतच घातले.

शाळा सुरू झाल्यावर मुलींना दर आठवड्याला तंबूत बसवणार, असे हेडबाईंनी ठरवल्याचे लिहिले आहेस. उन्हाळ्यात आत फार उकडेल. वरून एखादी फट ठेवता येते का, हे माणिकप्पाला विचारतो. नाही, तूच लातूरच्या शिंप्याला विचार. तुला ते जास्त कळते.

टपाल निघायला वेळ आहे, पण लिहायचे संपले. गोदाक्का गेल्यापासून रांजण भरलेला नाही. पाकीट चिकटवून ठेवतो आणि घागर घेऊन आडावर जातो.

हणमंतराव